न पाहिलेले अकरा दिवस

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिणं हे माझं काम नाही. मी रोज लिहितो ते चार ओळींचं असतं. आज ऊन, उद्या ढगाळ, परवा दुपारनंतर गडगडाट, जनावरं झाडाखाली बांधू नका. त्याच्या पलीकडे मी कधी गेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरी कोणी नाही. आईला फोनवर सांगितलं, की कॉलेजच्या अंकासाठी आपापल्या शिक्षकांविषयी लिहायला सांगितलंय. ती म्हणाली, "मग लिही की. चांगलं लिही. उगं रडगाणं नको." मी बरं म्हणालो. पण शिक्षकांविषयी चांगलं लिहायचं तर मला स्वतःविषयी खरं लिहावं लागतं, आणि तिथंच अडतं. तीन वेळा लिहून कागद फाडले. हा चौथा.

माझं गाव करमाडच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत आहे. मी आठवीत जायच्या पाच वर्षं आधी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मागच्या मैदानात पर्जन्यमापक बसवला होता. गावात त्याला पावसाचं मशीन म्हणत, पण त्यात मशीनसारखं काही नव्हतं. जमिनीत रोवलेला एक जाड नळा, त्यावर नरसाळं, आत बाटली. झाकणाला छोटं कुलूप. बाटलीत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पाणी जास्वंदीच्या मुळाशी टाकायचं. एवढंच. पण रोज सकाळी बरोबर साडेआठ वाजता. रविवारी, पंधरा ऑगस्टला, पोळ्यालाही.

सर उंच होते आणि थोडे वाकून चालत. ओरडत नसत. आम्हाला ते 'अहो' म्हणत, म्हणून सुरुवातीला पोरं हसायची. मला त्यांनी का निवडलं माहीत नाही. कदाचित माझं घर शाळेच्या सर्वांत जवळ होतं म्हणून. कदाचित मी वर्गात कधी बोलत नसे म्हणून. सातवीची परीक्षा संपल्यावर एके दिवशी त्यांनी कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. सुतळीत ओवलेली होती. मी ती गळ्यात घालायचो. वडील सकाळी कंपनीच्या बसला जाताना चिडवायचे, "निघाले का साहेब? बघा बघा, बाटलीत समुद्र आला असंल."

उन्हाळ्यात त्या बाटलीत काहीच नसे. तरी सर वहीत शून्य लिहायला लावत. मी एकदा विचारलं, "सर, मे महिन्यात पाऊस येतच नाही. मग रोज उघडून कशाला बघायचं?"

"तुम्ही बघितलं म्हणून ते शून्य," सर म्हणाले. "नसतं बघितलं तर?"

"तरी शून्यच असतं की सर."

"नाही. मग ती आडवी रेघ. आजारी पडलात, गावाला गेलात, झोपून राहिलात, तर रेघ मारा. रेघ मारायला लाज नाही. पण न बघता शून्य लिहू नका. पुढं कुणीतरी त्या शून्यावर भरवसा ठेवील."

मी मान हलवली. आठवीत जाणाऱ्या पोराला भरवसा म्हणजे काय कळणार. त्या वहीत तोपर्यंत रेघा फारच थोड्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर त्यांच्या गावी गेले. जाताना म्हणाले, "मशीन तुमच्यावर." पहिले दोन दिवस मी गेलो. तिसऱ्या दिवशी आत्या आली आणि मला फर्दापूरला घेऊन गेली. तिच्या मालकांचं तिथं लेण्यांकडे जाणाऱ्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. बसमधून परदेशी माणसं उतरायची, आत्याची पोरं त्यांना रंगीत दगड दाखवायची, मी इंग्रजीत "गुड स्टोन, गुड स्टोन" म्हणायचो. लई मजा आली. किल्ली गळ्यातच होती. आंघोळ करताना ती हाताला लागायची. मग मी ती काढून पिशवीत ठेवली.

अकरा दिवसांनी परत आलो. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. त्या दिवशी सकाळी आठलाच शाळेत गेलो, वही काढली आणि एका दमात अकरा शून्यं लिहिली. रेघ मारायची असते हे मला आठवत होतं. पण अकरा रेघा सलग फार दिसल्या असत्या. फर्दापूरला आकाश निळंशार होतं, म्हणून इकडेही तसंच असणार असं मी धरून चाललो. बाटली उघडून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

साडेआठला सर आले. आम्ही दोघं मैदानात गेलो. कुलूप मी उघडलं. बाटली सरांनी उचलली.

बाटली जड होती. ते मला त्यांच्या मनगटावरून कळलं. त्यांनी ती उजेडात धरली. आत पाणी होतं, थोडंथोडकं नाही, आणि त्यात दोन मुंग्या तरंगत होत्या. सरांनी पाणी मापात ओतलं, वाचलं, पुन्हा ओतलं, पुन्हा वाचलं. मग वही उघडली. माझी शून्यं बघितली. एकाच शाईची, एकाच आकाराची, ओळीनं. मग माझ्याकडे बघितलं. मी जास्वंदीकडे बघत होतो.

ते काही बोलतील असं वाटलं. ते नुसते थांबले. किती वेळ थांबले हे मला आजही नीट सांगता येणार नाही, पण मैदानात प्रार्थनेच्या ओळी लागेपर्यंत थांबले. मग त्यांनी पाणी झाडाला टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली परत माझ्याच हातावर ठेवली.

"राहू द्या तुमच्याकडेच," म्हणाले.

संध्याकाळी आईला विचारलं, मी नसताना पाऊस झाला का. "झाला की," ती म्हणाली, "दोन दिवस नुसता धो धो. वाळत घातलेली मका समदी भिजली. तुला आत्यानं सांगितलं नाय व्हय?"

उद्या सरांना सांगू, असं मी त्या दिवशी ठरवलं. रोज ठरवलं. ते रोज साडेआठला माझ्या शेजारी उभे राहत, आणि बाटली उचलण्याआधी क्षणभर थांबत. आधी ते असं थांबत होते का, मला आठवत नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी पोरं त्यांच्या पाया पडली. मीही पडलो. तेव्हाही ते माझ्या डोक्यावर हात ठेवून जरा जास्तच थांबले.

पुढचं शिक्षण शहरात झालं. मुकुंदवाडीत स्टेशनमागे खोली घेतली, पदवी झाली, आता एमएस्सीचं दुसरं वर्ष आहे. हवामानाचं वेड सरांनीच लावलेलं. वेधशाळेचा अंदाज मोठ्या भागासाठी असतो. तो आपल्या सात-आठ गावांपुरता सोपा करून सांगावा म्हणून मी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. लोक आपापल्या अंगणातल्या प्लास्टिकच्या मापातला पाऊस सकाळी कळवतात, मी अंदाज टाकतो. गावाकडे मला आता हवामानवाला म्हणतात. ज्यांच्याकडे बघून मी लहानपणी गप्प उभा राहायचो ते म्हातारे फोन करून विचारतात, "औंदा हस्ताचं वाहन बेडूक हाय म्हणत्यात. बरसंल का रं?" मी म्हणतो, आजोबा, बेडकाचं मला कळत नाही, पण खालून बाष्प येतंय. ते म्हणतात, "म्हंजे बेडूकच की."

मागच्या वर्षी मी पहिल्यांदा परतीच्या पावसाचा अंदाज लिहायला घेतला. सोयाबीन सोंगून सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावलेली असते, मळणीचं यंत्र मिळेपर्यंत ती रानातच उभी असते. ते पंधरा दिवस कोरडे जातील का, हेच लोकांना हवं असतं. आमच्या भागाच्या जुन्या नोंदी कुठं मिळतील म्हणून शोधत होतो, तेव्हा शाळेच्या कपाटातून ती वही मिळाली. सहा वर्षांच्या नोंदी होत्या. सरांची बदली झाल्यावर कुणी लिहिल्या नव्हत्या.

आमच्या विभागातल्या मॅडमनी ती माझ्यासोबत पान पान बघितली. त्यांचंही ऋण मोठं आहे. आकडेवारी काढण्याआधी वही हाताळायची, हे त्यांनी शिकवलं. त्या एका पानाशी थांबल्या.

"या वर्षीचं अक्षर वेगळं आहे. अकरा दिवस एकाच बैठकीत लिहिल्यासारखे वाटतात. कोणाच्या हातचं आहे?"

मी म्हणालो, "माहीत नाही, मॅडम."

हे वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

"मग तू ठरव," त्या म्हणाल्या. "शंका असेल तर ते दिवस गाळ. नसेल तर घे."

गाळायचे तर कारण लिहावं लागलं असतं. मी ते घेतले. सहा वर्षांपैकी दोन वर्षांत त्या पंधरवड्यात चांगला पाऊस झाला होता, असा हिशोब आला. मी अंदाजात लिहिलं, 'पावसाची शक्यता कमी.' माझ्या त्या वर्षीचा खरा पाऊस धरला असता तर सहापैकी तीन झाली असती. मग मी लिहिलं असतं, 'सांगता येत नाही, ताडपत्री टाकून ठेवा.' फरक एवढाच होता. आठवीत मी ती शून्यं लिहिली तेव्हा लहान होतो. या वेळी लहान नव्हतो.

पाऊस आला. दोन दिवस आला. गावातल्या बऱ्याच सुड्या भिजल्या, आमचीही भिजली. मी शनिवारी घरी गेलो तेव्हा वडील शेंगा हातात घेऊन बघत होते. दाण्याला कोंब फुटले होते.

"झाकलं नव्हतं?" मी विचारलं.

"तू लिव्हलं व्हतं ना, कमी हाय म्हणून," ते म्हणाले. "ताडपत्री शेजारच्यांला दिली. ते म्हणले, आम्हाला भ्या वाटतं. मी म्हणलं, घेऊन जा, आमच्या घरात हवामानवाला हाय."

रागानं नाही म्हणाले. थोडं हसलेसुद्धा. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ग्रुपवरही कोणी वाईट बोललं नाही. "निसर्गापुढं कोणाचं चालतं," असं लिहिलं लोकांनी.

आता एका नंबरविषयी सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ग्रुपवर एक अनोळखी नंबर आला. नाव नाही, फोटो नाही. नाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये नुसतं 'घर' असं येई. नमस्कार नाही, फुलांचे फोटो नाहीत. रोज सकाळी साडेआठ वाजता फक्त आकडा. आणि मे महिन्यातही, रोज, '०'.

लोकांनी टिंगल केली. "हे शून्य महाराज कोण?" "भाऊ, बाहेर ऊन दिसतंय आम्हाला पण." "बघा, आज परत शून्य. पुरस्कार द्या राव यांना." नंबरनं काहीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा '०'.

मी हसलो नाही. असं करणारा एकच माणूस मला माहीत होता. पण विचारायचं धाडस झालं नाही. पावसाळा सुरू झाला, आकडे येत राहिले. श्रावणात एकदा तो नंबर अचानक गप्प झाला. दोन आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी एकाच संदेशात तेरा आडव्या रेघा आल्या, एकाखाली एक, आणि शेवटी त्या दिवसाचा आकडा, २. ग्रुपवर कोणालाच ते कळलं नाही. मला कळलं. सर गावाला गेले असतील, असं मी म्हणालो मनाशी. त्या दिवसापासून मला खात्रीच झाली.

आकड्यांवरून माणूस कुठं राहतो हे थोडं कळतं. शहरात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. चिकलठाण्याला कोसळतो तेव्हा क्रांती चौक कोरडा असतो. त्या नंबरचा पाऊस माझ्या गच्चीवरच्या मापातल्या पावसाशी जुळायचा. माझा अकरा तर त्याचा बारा. माझा चार तर त्याचा चार. म्हणजे तो माणूस माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. बहुधा रोज सकाळी साडेआठ वाजता आम्ही दोघं एकाच आभाळाखाली, दोन गच्च्यांवर, बाटली उचलत होतो.

त्यानंतर मी मुकुंदवाडीच्या गल्ल्यांमधून मान वर करून चालायला लागलो. कुठल्या गच्चीवर नरसाळं दिसतं का. एकदा एक बाई वरून ओरडली, "काय रे ए, काय बघतोस वर? कपडे वाळतायत इथं!" मी पळालो. खरं म्हणजे सापडू नये असंही वाटत होतं. किराणा दुकानात पाठमोरा उंच, वाकलेला माणूस दिसला की मी बाहेरच थांबायचो. मागच्या वर्षी सुड्या भिजल्या त्या दोन दिवसांत त्या नंबरचे आकडे मोठे आले. पुढे एक शब्द नाही. मी ते आकडे बघत बसलो. मला ते माझ्यासाठीच लिहिलेले वाटले.

यंदा परतीच्या पावसाचा अंदाज लिहायची वेळ आली आणि माझा हात चालेना. हस्त नक्षत्र निघालं, सोयाबीनला सोंगणी लागली, लोकांचे फोन सुरू झाले. ती वही टेबलावर होती. मी त्या पानावर पेन्सिलीनं अकरा रेघा मारल्या. नंतर मॅडमकडे जाऊन सांगितलं, की ते अक्षर माझं होतं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तू माहीत नाही म्हणालास." आणि नंतर, "ज्यांची वही आहे त्यांना सांगितलंस का?"

त्या दुपारी विद्यापीठाच्या बागेत बसून मी त्या नंबरला आवाजी संदेश पाठवला. चार मिनिटांचा झाला. फर्दापूर सांगितलं, पिशवीत ठेवलेली किल्ली सांगितली, बाटलीतल्या मुंग्या सांगितल्या, वडिलांची सुडी सांगितली. शेवटी म्हणालो, "सर, तुम्हाला माहीत होतं ना? तुम्ही तेव्हा थांबला होता, मीच बोललो नाही. चुकलं माझं."

संध्याकाळी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ग्रुपवर '०'. तिसऱ्या दिवशी '०'. पाचव्या दिवशी ७, माझ्या गच्चीवरही सातच. सर ऐकून गप्प बसलेत, असं मी धरलं. त्यांची गप्प बसायची पद्धत मला माहीत होती. मी अंदाज लिहून टाकला. 'सांगता येत नाही, ताडपत्री टाकून ठेवा.' खाली मागच्या वर्षीच्या चुकीचं कारणही लिहिलं. आजोबांचा फोन आला, "म्हंजे आठवीत असल्यापासून आम्हाला फसवतूस व्हय रं गाढवा?" आणि हसले. वडिलांनी फोन केला नाही. आई म्हणाली, ताडपत्री मात्र परत आणली त्यांनी.

नवव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास त्या नंबरवरून फोन आला. उचलला तर एका वयस्कर बाईंचा आवाज.

"ते हवामानाचं सांगता ते तुम्हीच का, भाऊ?"

"हो."

"मी सरांच्या घरातून बोलते. तुमचं ते बोललेलं ऐकलं मी. चार डाव ऐकलं. मला लवकर फोन कराया जमलं नाय, काय बोलावं तेच कळंना."

मी म्हणालो, "काकू, सरांना ठाऊक होतं का?"

"ठाऊक नसंल कसं? त्यांची घरची वही वेगळी. साळंतल्या वहीचं समदं त्यात उतरून घ्यायचे. ती आणून बघितली मी. त्या दिवाळीची अकरा घरं कोरी हायेत. शून्य नाय, रेघ पण नाय. बाजूला नुसता बाटलीतल्या पाण्याचा आकडा हाय. मी इचारलं व्हतं त्यांना, हे का सोडलं. म्हणले, ते पोरगं येऊन सांगंल, मग भरू."

काकू वाट बघत राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही सांगितलं आता. मग काय लिव्हू तिथं?"

"रेघा मारा," मी म्हणालो. "अकरा."

पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. मग त्या हळूहळू मोजत होत्या, एक, दोन, तीन. अकरा झाल्यावर मी डोळे पुसले आणि म्हणालो, "काकू, सरांना फोन देता का जरा? मी इथंच राहतो, स्टेशनमागं. म्हणाल तर आत्ता येतो."

पलीकडे जिन्यावरून कोणीतरी बादली नेल्याचा आवाज.

"तुम्हाला ठाऊक नाय व्हय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्या रेघा बघून समजलं असंल तुम्हाला. सर जाऊन दोन वर्षं झाली की, श्रावणात. तेरा दिस गच्चीवर चढता आलं नाय मला. चौदाव्या दिवसापासून मीच बघते."